रीडर

गळ्यातल्या कार्डावर पदनाम एवढंच : रीडर.
अकरा वर्षं सूर गावात मी विजेचे मीटर वाचतोय.
भिंतीवरच्या करड्या पेटीचं झाकण उघडायचं,
काचेवरची धूळ अंगठ्यानं पुसायची,
आकडा टिपायचा, पुढचं दार.
दारं इथली देखणी, पितळी फुल्यांची.
दारामागचं मला कधी वाचता आलं नाही.

पुस्तक आलं बाबल्या कुडतरकरच्या बॅगेतून,
आगळाच्या बाटलीखाली दबून,
म्हणून पहिली चाळीस पानं कडेनं गुलाबी.
मूळ अरबी. अनुवाद कुणा देवगडच्या बाईंचा. छपाई सांगली.
म्हणजे समोरच्या गल्लीतली गोष्ट
समुद्र ओलांडून गेली, मराठी शिकली
आणि परत येऊन माझ्या खाटेवर बसली.
तिला कफील लागला नसावा.

फार काही घडत नाही, हे आधीच सांगतो.
मौझा नावाची एक म्हातारी आहे.
मुलगा शिकायला परदेशी गेलाय
आणि येतो येतो म्हणत तीनशे पानं येत नाही.
ती शेजारणीशी भांडते, सुईत दोरा ओवते,
त्याच्या उशीचा अभ्रा बदलते,
त्याच्या खोलीतला एसी बंद करत नाही.
आणि फोन लागला की बाईंनी तिच्या तोंडी घातलंय :
“मेल्या, जेवलंस काय नाय?”

अरबीत ती काय म्हणाली असेल, देव जाणे.
मी पुस्तक पालथं घालून जिन्यात जाऊन बसलो.
माझी आई एवढंच विचारते.
मी हो म्हणतो. बहुतेक वेळा जेवलेलो नसतो.

एकशे बाराव्या पानावर तळटीप आहे :
कावा पुरे झाला, की रिकामा पेला हलवून दाखवतात.
अकरा वर्षं!
पहिल्याच वर्षी, खाडीपलीकडे, अल-ऐजात
एका आजोबांनी दारात कावा दिला होता.
पेला रिकामा झाला की मी सज्जनपणे पुढे धरायचो,
ते भरायचे.
नऊ पेले. नाही कसं म्हणायचं, म्हणून मी;
पाहुणा मागतोय, म्हणून ते.
दोघंही घामाघूम, दोघंही सभ्य.
रात्री दीड वाजता मी इतका हसलो
की खोलीतले तिघं शिव्या देत उठले.

शेवट मात्र पटला नाही.
शेवटच्या प्रकरणात मुलाचं पत्र येतं, सहा पानी, सगळं कबूल करणारं.
असं पत्र कुणी लिहीत नसतं.
मी तरी लिहिलेलं नाही.

बाबल्या म्हणाला, वाचलंस?
म्हटलं, वाचलो.
व्याकरण चुकलं. राहू दे.

मग ते घर आठवलं, मशिदीमागचं.
राहणारी बाई एकटी, आणि युनिटं सात माणसांची.
मार्चात मी शेरा मारला होता : मीटर सदोष असावा.
तपासणीवाले आले. मीटर बरोबर होता.

ह्या महिन्यात गेलो. आकडा तसाच, भरगच्च.
मागच्या बंद खोलीचं यंत्र घरघरत होतं,
खाली जिथं पाणी ठिबकतं तिथं
कुणीतरी पुदिना लावलेला.
आकडा टिपला. शेऱ्याची जागा कोरी सोडली.
पुढच्या वर्षी मीटर स्वतःच आकडे पाठवणार आहेत म्हणे,
तेव्हा ह्या पुदिन्याची नोंद कुठंच होणार नाही.

बाई ओढणी सावरत बाहेर आली, काहीतरी बोलली.
तिची भाषा मला येते ती एवढीच : बिल, पाणी, दार, उद्या.
हातात सुरई होती आणि दोन पेले.

एक झाला. दुसरा झाला.
पेला कसा हलवायचा ते आता मला येत होतं.
ती सुरई कलती धरून थांबली.
उन्हात अजून चाळीस दारं बाकी होती.
मी हात हलवला नाही.