विरी

मंगळवारी केंद्राची गाडी फाट्यावर येते.
मी आणि निंगव्वा मागच्या सीटवर बसतो,
मांडीवर आपापली काठवट.
केंद्रातली परात स्टीलची, तीत पीठ घसरतं,
हे पहिल्याच आठवड्यात सांगून टाकलं होतं.

चिकोडीच्या बाजूला दोन्हीकडे ऊस,
ऊस संपला की केंद्राचं कुंपण,
आणि आत शाळू, चिमटीचिमटीनं पेरलेला.
कणसांना कागदी टोप्या, टोप्यांवर तारखा.
वाऱ्यानं भलत्याचा पराग आणू नये म्हणून.
वाऱ्याला पाट्या वाचता येत नाहीत,
ना इकडच्या लिपीतल्या, ना तिकडच्या.

टेबलावर बारा डबे.
झाकणावर नाव नाही, नुसते आकडे.
हुल्लोळी मॅडम म्हणतात,
नाव कळलं की हात पक्षपात करतो.
हे त्यांचं खरं आहे. माझा तर करतोच.

एक मुलगा तव्यावर बंदुकीसारखं काही रोखतो
आणि ताप वाचतो.
मी पाण्याचा थेंब टाकते,
तो नाचत नाचत कडेला गेला की तवा झाला.
आमचं दोघांचं बहुतेकदा जुळतं.

मग यंत्राची पाळी.
लोखंडी बोट भाकरी ओढत राहतं, तुटेस्तोवर,
पडद्यावर एक डोंगर उमटतो.
माझ्या बोटांना डोंगर काढता येत नाही.
मी कड बघते.

चारशे एक्केचाळीसवर सगळ्यांचा जीव.
डिसेंबरात तिचं पाणी तोडलं,
शेजारच्या ओळी वाळून पापड झाल्या,
ही हिरवी ती हिरवीच.
पण थापायला घेतली की कडेनं उलते,
टाच उलावी तशी.
नवातले तीन, मी सांगितलं, पोरानं लिहिलं.
वाटलं, आता उपटून टाकतील.

नाही टाकली.
हिच्या ताटात गोडी आहे म्हणाल्या मॅडम,
रस आंबवून बघतोय.
लाह्या फुलतात, पोहे होतात,
आणि बोंडाच्या टरफलातून हे,
असं म्हणत ड्रॉवरमधून रुमाल काढला,
विटेच्या रंगाचा.
धुतला तरी जात नाही म्हणे.
भाकरीत नापास झालेली पोर
रंगारणीच्या हाताखाली लागली म्हणायची!
निंगव्वाला हे कानडीत सांगेपर्यंत
माझंच हसू संपलं.

एकशे सात मात्र
पाणी ओतलं आणि हातात आली.
मळताना बोट मागे ओढावं तर पीठ सोबत येई.
उचलली, फिरवली, मोडली नाही.
विरी, मी म्हटलं.
जिगुटु, निंगव्वा म्हणाली.
मॅडमच्या तक्त्यात रकाना एकच होता,
त्यांनी पेन वर धरलं, वाट बघितली,
आणि दोन्ही लिहिलं, एकावर एक, दाटीवाटीनं.

तोंडात घास गेल्यावर मी बोलून गेले,
हा आमच्या माहेरच्या माळावरचा.
निंगव्वा म्हणाली, कसला तुझा,
हा अथणीकडचा, आमच्या काळ्या रानातला.
दोघी इतक्या भांडलो
की ताप मोजणारा मुलगा बाहेर जाऊन उभा राहिला.

मॅडमनी शीतघराची वही मागवली.
कुणीतरी पन्नासएक वर्षांपूर्वी
मूठभर दाणे पिशवीत घातले होते.
दाण्याचा रंग: मोत्यासारखा.
कणीस: घट्ट.
देणाऱ्याचे नाव: एक बाई.
गाव: नोंद नाही.

निंगव्वानं वही उलटी करून पाहिली,
मागच्या पानावर काही असेल म्हणून.

मधलं काहीतरी करणार आहेत आता:
चारशे एक्केचाळीसची चिकाटी, एकशे सातची विरी.
टोप्या घालून, टोप्या काढून,
सहा वर्षं, कदाचित आठ.
तोवर तुमचे हात लागतील, मॅडम म्हणाल्या.
मी हात बघितले. करंगळी आता पुरती मिटत नाही.

गाडीत निंगव्वानं पदर सोडला,
उरलेली अर्धी भाकरी, एकशे सातची, गार झालेली.
केंद्राबाहेर न्यायची नसते.
तिनं मोडायला बघितली,
ती लवली, मोडेना.
शेवटी एका बाजूनं तिनं ओढली,
एका बाजूनं मी.