खोकं नंबर सतरा

श्रीखंडाच्या रिकाम्या डब्यात, कापसावर,
ओकेनाइट ठेवलाय. बघा, पण हात लावू नका.
कापूस कुठला नि दगड कुठला कळत नाही
आणि बोट लागलं की केस मोडतात,
पुन्हा उभे राहत नाहीत.
घरी येणाऱ्या प्रत्येकाला मी हे सांगतो,
प्रत्येकजण बोट लावतो.

एकतीस वर्षं मी नाना पेठेत कवळ्या केल्या.
लोकांच्या तोंडाच्या मापाचं मेण, प्लास्टर, गुलाबी हिरड्या.
निवृत्त झालो तेव्हा हत्यारं घरी आणली.
ज्या बाकदार सुईनं मेणाच्या दाढांना खाचा पाडायचो
तीच आता स्टिलबाइटच्या पानापानांतली माती काढते.
बरं असतं.
दगड आठ दिवसांनी परत येऊन
"सैल होतेय हो" म्हणत नाही.

रविवारी सहाची बस. वाघोलीला उतरायचं,
मग डंपरच्या धुळीतून, तोंडाला रुमाल बांधून, चालत.
शनिवारी सुरुंग उडालेला असतो,
भिंत ताजी, अजून हवा न लागलेली.
काळवत्री दगड. कोट्यवधी वर्षांपूर्वी
लाव्हा निवताना आत वाफ अडकली,
बाहेर पडणं काही जमलं नाही तिला.
मग पाणी झिरपत राहिलं. घाई कुणालाच नव्हती.
त्या अडकल्या श्वासाला आतून
कोपरे फुटले,
धारा फुटल्या,
अंधारात, कुणी बघणार नाही अशा बेतानं,
पाणीदार हिरवा अपोफिलाइट.

दुर्गव्वा कुसमुडे माझ्यासाठी पदराच्या गाठीत ठेवते.
"निळा गावला," म्हणते, "मोरचुदावानी."
पहिल्यांदा तिनं विचारलं होतं, औषधाला लागतो का?
म्हटलं, नाही. बघायला.
"आन बघून झाल्यावर?"
"पुन्हा बघायचं."
ती हसली नाही.
माझ्या चपला बघितल्या, पिशवी बघितली,
आणि पाटी उचलून गेली.

परवा मी भिंग तिच्या हातात दिलं.
डावा डोळा कपचीनं गेलाय, तेव्हा उजव्यानं.
आधी भिंग लांब धरलं, पोथी वाचतात तसं.
मी म्हटलं, डोळ्याला टेकवा, दगड जवळ आणा.
मग ती बोलेना.
पट्टा सुरू झाला, मुकादमानं दोनदा हाक मारली,
क्रशरच्या घशात खडखड पडायला लागली,
तरी ती त्या हरभऱ्याएवढ्या निळ्या फुलात
वाकलेलीच.

"आत कुणी ऱ्हात न्हाई व्हय?"
मग थोड्या वेळानं,
भिंग पदरानं पुसून परत देताना:
"अशा किती पाट्या म्या वर घातल्या असतील.
मोजल्या बी न्हाईत."

घरी आलो. चौथा मजला, नवी इमारत.
कपाटासाठी भिंतीला भोक पाडायचं होतं.
ड्रिल आत जाता जाता बीममधल्या खडीला लागलं, किंचाळलं,
आणि फरशीवर राखाडी पिठात
एक कण चमकला. मिठाएवढा.
मी चष्मा काढला, घातला,
मग ड्रिल ठेवून दिलं. कपाट अजून जमिनीवरच आहे.
हिला सांगितलं, भिंत कडक आहे.

रात्री सतरा नंबरचं खोकं काढलं.
चिठ्ठीवर माझंच अक्षर:
कॅव्हनसाइट, वाघोली, तारीख.
शोधणारा: वि. गो. हसबनीस.
ब्लेडनं नाव खरवडलं, कागद थोडा फाटला.
त्यावर दुर्गव्वाचं लिहिलं. आडनाव आधी चुकलं, पुन्हा लिहिलं.
मग सोळा नंबर काढला.
तो कुणी दिला होता
ते काही केल्या आठवेना.

कॅम्पातला व्यापारी गेल्या महिन्यात येऊन गेला.
सतरा नंबर उजेडात धरून म्हणाला, अकरा हजार.
मी म्हटलं, विकायला नाही,
अगदी ताठ मानेनं.
तिला मी दर वेळी देतो ते पन्नास,
कधी शंभर, आणि बिस्किटांचा पुडा.

नाव चिठ्ठीवर आलंय.
आकडा अजून तिला सांगितलेला नाही.
उद्या रविवार.