पुरावा क्रमांक एकेचाळीस

ब्रॅनिगनबाई म्हणतात, 'असामान्य' हा शब्द
जपून वापरायचा, पानाला एकदाच,
मिठासारखा.
मी पंचिंग मशीन पुढे ओढते.
फिलाडेल्फियात नोव्हेंबर. समोर तीन इंच जाड फाईल:
झिविले नोरकुते, नौकानयन प्रशिक्षक,
राहणार बोटघराच्या वरची खोली.

पदकं आहेत. एक रौप्य, दोन कांस्य,
पण ती तिने स्वतः वल्हं मारून मिळवलेली,
एकोणीस वर्षांपूर्वी.
अधिकारी विचारणार: पोहता येतं म्हणून
पोहायला शिकवता येतं का?
प्रश्न चुकीचा नाही, हेच वाईट.

कात्रण आहे, काउनासच्या पेपरातलं,
भाषांतरासकट, भाषांतर खरं असल्याच्या शपथेसकट.
फोटोत जिंकलेल्या आठ मुली, नववी सुकाणूवरची,
आणि डाव्या कडेला एक कोपर.
कोपर तिचंच, असं प्रतिज्ञापत्र
तिच्या आईने पाठवलंय.
बाईंनी ते बाजूला ठेवलं. आई चालत नाही.

पगार: असामान्य नाही.

शिफारसपत्रं सात. कियाना वेदरबी लिहिते,
'तिच्या हाताखाली मी कधीच काही जिंकले नाही.
आता डायलिसिसच्या वॉर्डात रात्रपाळी करते,
आणि दमल्यावर काय सोडायचं, काय नाही,
हे मला कळतं.'
मी ते दोनदा वाचलं.
बाईंनी पहिल्या ओळीवर लाल रेघ मारली,
मग उरलेलं पत्रच उभं राहीना.

फेब्रुवारीत सरकारचं उत्तर: आणखी पुरावा.

म्हणून मार्चमधल्या एका पहाटे मी गेले.
मोटरबोटीत ती, शेजारी मी आणि गार कॉफी,
कर्णा पायाशी, गप्प.
ती मुलींकडे बघतच नव्हती.
बघत होती मागे, बोट जिथून निघून गेली तिथे:
प्रत्येक वल्ह्यामागे एक भोवरा,
काळसर, बशीएवढा,
आठ, मग आठ, मग पुन्हा आठ.
'पाच नंबर घाबरलीय, उथळ आहे तिचा.
दोन नंबर नुसते हात हलवतेय.
रडून आलीय बहुतेक.'
मी वाकले. मला पाणी दिसलं.
तोवर भोवरे मिटलेही होते.

धक्क्यावर दोन नंबरचे डोळे सुजलेले.
झिविले काही बोलली नाही,
वल्हं तेवढं तिच्या खांद्यावरून
आपल्या खांद्यावर घेतलं.

मी फोटो काढला होता. मोठा करून छापला,
खाली टाइप केलं: पुरावा क्रमांक एकेचाळीस.
'हे काय?' बाईंनी चष्मा वर सरकवला.
'ती जे वाचते, ते.'
पाण्यावरच्या रेघेला
नोटरीचा शिक्का कुठून आणायचा,
हे त्या बोलल्या नाहीत. बराच वेळ बघत राहिल्या.
मग फोटो काढला, हळूच,
कोपरे दुमडणार नाहीत असा.

मी बेचाळीसचा एकेचाळीस केला,
त्रेचाळीसचा बेचाळीस,
आणि असंच खाली, शेवटच्या पानापर्यंत.