चावी

पाचव्या दिवशी पाणी.
पहाटे साडेतीनला नायना निघायचे,
सायकलच्या दांडीला बांधलेली लांब लोखंडी चावी,
आणि भद्रावती पेठेच्या कोपऱ्यावर झाकण उचलून
जमिनीत हात घातल्यासारखे वाकायचे.
साडेअकरा फेरे डावीकडे.
मग दीडशे घरांतल्या रिकाम्या हंड्यांना
एकदम आवाज फुटायचा.

लच्चूचा गुडघा मात्र कुणाला न विचारता भरायचा.
पडला नाही, आपटला नाही,
सकाळी उठला तर गुडघा पपईएवढा.
आतल्या आत रक्त.
त्या आजाराचं नाव अम्माला कधीच उच्चारता आलं नाही.
मांडीवरचं विड्यांचं सूप बाजूला सारून
ती गोळेवाल्याकडे बर्फाला धावायची,
आणि सिव्हिलच्या खिडकीतला माणूस म्हणायचा,
फॅक्टर संपलंय, सोमवारी बघा.

रक्ताला सोमवार कळत नाही.

एक प्रथिन कमी, एवढंच.
सगळ्यांच्या अंगात ते घडतं;
लच्चूच्या अंगात त्याची ओळच चुकलेली.
ती ओळ वाचायला मला अठरा वर्षं लागली.

आता केगावच्या पुढे, तिसऱ्या मजल्यावर
मी ताटलीत पेशी वाढवते.
त्यांच्यात नीट लिहिलेलं जनुक सोडलंय
आणि जनुकाच्या दाराशी बसवलाय एक राखणदार,
तोही प्रथिनाचाच.
औषध येईपर्यंत उठायचं नाही, हे त्याचं काम.
उद्या कधी हे माणसात गेलं, तर
बारीकशी गोळी पोटात जाईल,
राखणदार उठेल, दार मोकळं,
पेशी फॅक्टर करू लागतील.
गोळी थांबली की तो पुन्हा जागेवर.
कागदावर इतकं सोपं
की नायनांना मी चहा निवायच्या आत समजावलं.
ते म्हणाले, म्हणजे व्हॉल्व्ह.
मी म्हटलं, हो.
ते म्हणाले, मग गळेल.

गळलं.
एप्रिलात, बाहेर त्रेचाळीस, आत जनरेटरची घरघर,
औषध न घातलेल्या ताटलीतही फॅक्टर सापडलं.
शंभरातले दोन भाग.
तीनदा मोजलं, तिन्ही वेळा दोन.
सरांनी आलेखावर पेनानं गोल केला:
बंद म्हणजे बंद.
आज दारामागे फॅक्टर आहे, चालून जाईल.
उद्या असं काही ठेवू
की नको तेव्हा थेंब सुटला तरी माणूस जाईल.
त्यांचं खरं होतं.
मी राखणदार बदलला, जोडीला दुसरा दिला.
मग ते दोघे असे ठाण मांडून बसले
की औषध ओतलं तरी उठेनात.

रविवारी घरी गेले.
चावी दारामागे उभी,
नायना निवृत्त झाले त्या दिवसापासून तिथेच.
नवा माणूस आपली चावी घेऊन येतो.
पूर्ण बंद होणारा व्हॉल्व्ह, ते म्हणाले,
बत्तीस वर्षांत एकच पाहिला.
गंजला होता. उघडतही नव्हता.

लच्चू टॉवेलच्या कारखान्यात हिशेब लिहितो.
डावा गुडघा आता वाकतच नाही,
त्यामुळे जेवायला तो एकटा खुर्चीवर.
कडक भाकरी आमटीत चुरता चुरता
मान वर न करता त्यानं विचारलं,
ते दोन म्हणजे किती गं?
शंभरातले दोन.
आणि माझ्यात?
एकाहून कमी.

भाकरी भिजेपर्यंत कुणी बोललं नाही.
दोन असते तर
रात्री झोपेत गुडघा भरला नसता.
बहुतेक.
हे मला माहीत होतं, त्यालाही होतं,
सिव्हिलच्या बाकावर बसून त्यानंही कमी वाचलेलं नाही.
अम्मानं विचारलं, चटणी देऊ?
तो उठला.
उठताना आधाराला त्यानं दारामागची चावीच धरली.

सोमवारी फ्रीजरमधून ती पहिली नळी काढली.
टाकायच्या डब्याशी क्षणभर उभी राहिले
आणि परत आत ठेवली.
लेबलवर माझ्याच अक्षरात 'सदोष' होतं,
ते खोडलं.
तिथे काय लिहायचं, अजून ठरलेलं नाही.