दहा मीटरचा चौकोन

माझ्या दुकानात आकाश पहिल्यांदा आलं
ते पेनड्राइव्हमधून.
बंदराच्या तिठ्यावर माझं झेरॉक्स;
एरवी येतात दाखले, आधारकार्डं, होडीचे परवाने.
साधी प्रत दोन रुपये, रंगीत वीस.

मृण्मयी सारंगने पडद्यावर जे उघडलं
ते मला दवाखान्याच्या भिंतीवरच्या
यकृताच्या तक्त्यासारखं वाटलं.
"ही आपली खाडी. हा वायंगणजुवा.
लाल दिसतं ते हिरवं."
लाल दिसतं ते हिरवं!
मी उठून प्रिंटरची शाई तपासली.

म्हणे, दर पाच दिवसांनी, सकाळी अकराच्या सुमारास
आपल्या डोक्यावरून कुणीतरी जातं,
सातशे-आठशे किलोमीटर वरून,
आणि तेव्हा आपण दुसरा चहा घेत असतो.
चित्र कुणालाही फुकट.
(मी वीस घेतो ते कागदाचे.)
सगळ्यात बारीक दाणा दहा मीटरचा चौकोन:
भागीरथी कुबलचं खळं, न्हाणी, दोन माड,
वाळत घातलेली सुंगटं,
सगळं मिळून एक ठिपका, एक रंग.
हिशेब केला तर तो भरतो
जवळजवळ एक गुंठा.
उपग्रहाचं आणि तलाठ्याचं माप
कुणीही न ठरवता एकच निघालं होतं.

भागीरथीकाकी त्याच दिवशी सातबाऱ्याची प्रत काढायला आलेली.
कागदावर बावीस गुंठे.
त्यातल्या काहींवर आता बोये चरतात.
तलाठी म्हणतो, पुरावा आणा.
समुद्र पावती देत नाही.

मृण्मयीने दोन चित्रं शेजारी ठेवली,
एक ती शाळेत असतानाचं, एक ह्या माघातलं.
निळ्याने नऊ चौकोन खाल्ले होते.
माझ्या पोटात गलबललं.
काकीचं नाही. तिने बोट ठेवलं:
"ह्या भरतीचा आसा."
"काय?"
"ह्या चित्र पुनवेचा. पुनवेक अकरा वाजता
पाणी खंय असता ता माका शिकवू नको.
माजी कालवां बुडाली हत हय.
अष्टमीचा काड. दोनय अष्टमीचा."

कॉलेजच्या सॉफ्टवेअरला तिथी ठाऊक नव्हती.
मृण्मयी तारखा वाचत गेली, काकी बोटांवर मोजत गेली,
आणि मी शटर अर्धं ओढून
दोघींसाठी सोडा आणला.
संध्याकाळी सुकतीची दोन चित्रं शेजारी आली.
कालवांचा कातळ वर आलेला,
नऊतले तीन चौकोन परत मिळालेले.
सहा खरोखरच गेलेले.
"सहाच," मी म्हणालो, आणि लगेच
तो 'च' गिळायला हवा होता असं वाटलं.

त्या सहांना प्रांत कार्यालयात कुणी खोडू शकलं नाही.
साहेबांनी कागद आधी उलटा धरला, मग सुलटा,
मग विचारलं, बाकीच्या वाड्यांची आहेत का अशी?
आहेत. सगळ्या किनाऱ्याची आहेत,
इतक्या वर्षांची, पडून.
कुणी मागितलीच नव्हती.

बंधाऱ्याची फाइल अजून टेबलावरच आहे.
तिवरांच्या लागवडीला तेवढा होकार आला.
पावसाळ्यात वरून नुसता कापूस दिसतो,
तेव्हा दुसरा एक उपग्रह ढगांत हात घालून
जमीन चाचपतो, असं मृण्मयी सांगते.
तिची चित्रं काळी-पांढरी. दोन रुपये.
मला ती जास्त आवडतात.

परवा काकी चिखलाच्या पायांनी दुकानात.
"एक चौकोन लाल होवक रोपां किती लागतली?"
मीटरला एक धरून मी सांगितलं, शंभर.
तिने जरा विचार केला.
"मगे एकशेधा लावया.
धा कुर्ल्यो खातल्यो."