माटोळीखाली

सोमवारी बालवाडीचं उद्घाटन.
कात्री बोथट. आयोजकांची कात्री नेहमीच बोथट असते,
म्हणून कायतान, आमचा पालिकेचा शिपाई,
खिशात शिंप्याची कात्री बाळगतो
आणि मी हात पुढे केला की तळव्यावर ठेवतो,
नर्सनं डॉक्टरला द्यावी तशी.
फीत पडली. टाळ्या.
एक पोर रडत म्हणालं, कापली कशाला?

मंगळवारी ज्येष्ठ नागरिकांना छत्र्या.
छत्र्या चौदा, ज्येष्ठ सतरा.
उरलेल्या तिघांशी मी
जरा जास्त वेळ हसले.

पत्रिकेवर माझं नाव शालिनी छापतात.
मी शालन.
दोनदा सांगून पाहिलं, मग सोडून दिलं.
सत्कार शालिनीचा चाललाय,
शालननं मध्ये कशाला बोलावं?
कपाटात एकोणचाळीस शाली आहेत तिच्या.
सांग्यात एवढी थंडी पडते कधी?

गुरुवारी फुटबॉल. भर चिखलात, साडी सावरत,
चेंडूला मानाची लाथ.
फोटोवाला म्हणाला, परत एकदा, मॅडम.
दुसरी लाथ गेली थेट पाद्रीबाबांच्या पायाशी.
त्यांनी डाव्या पायानं चेंडू असा काही वळवला
की सत्तरीचा झगा वर उडाला
आणि आत सोळा वर्षांचा पोरगा दिसला.
आठवड्यात खरी दाद मी तेवढीच दिली.

मग चवथ. दुसऱ्या दिवशी माटोळी स्पर्धा.
परीक्षक तीन: वनस्पतिशास्त्राचे सर,
बँकेचे मॅनेजर,
आणि पदसिद्ध मी.
घरोघर मान वर करून गुण द्यायचे,
मांडणीला दहा, वैविध्याला दहा.
नारळाची पेंड, सुपारीचा कातरा, तोरिंगण, चिबूड,
आंबाडे, करमळं, कांगल्यांचे झुबके.
सर लॅटिन पुटपुटतात, मॅनेजर मोजतात,
मी बाप्पाला हात जोडते
आणि मानेला झंडू बाम लावायचं मनात टिपून ठेवते.

शेवटचं घर पुनो वेळीपाचं, नदीपलीकडे.
एकशे बारा जिन्नस,
सगळे केवणीच्या सोपानं बांधलेले.
मधोमध एक सोप नुसताच लोंबत होता.
गाठ मारलेली, गाठीत काही नाही.

हे सुटलं वाटतं, मी म्हटलं.

"सुटूंक ना गे शालन," म्हातारा म्हणाला.
शालन. बिनचूक.
माझ्या बापाच्या दुकानात तो मध घालायचा,
तेव्हाचं त्याच्या जिभेवर राहिलं असेल.
"थंय घागऱ्यो आसताल्यो. सड्यावयल्यो."
शेंग वाळली की आत दाणे वाजतात,
पोरं पायात बांधून नाचायची, म्हणाला.
यंदा मिळाल्या नाहीत.

कुठल्या सड्यावर, ते मी विचारलं नाही.
मे महिन्यात, दुपारी चारला,
तिथे गुलाबी रेशमाची फीत होती,
मंडप, लिंबाचं सरबत,
नकाशात बत्तीस बंगले, प्रत्येकाला निळा तलाव.
आणि कायतानची कात्री त्या दिवशी
इतकी सुरेख चालली होती
की मी त्याला शाबासकी दिली होती.

पुनोनं आणखी काही म्हटलं नाही.
त्याच्या बायकोनं पातोळ्या पुढे केल्या,
हळदीचं पान सोलताना बोटं भाजली.
एक जागा रिकामी आहे, सर म्हणाले,
मांडणीचा अर्धा गुण कापू या.

कापू या.

मी त्यांच्या हातातला कागद घेतला,
जिन्नसांच्या रकान्यात लिहिलं: एकशे तेरा.
मॅनेजरांनी बोट वर करून पुन्हा सगळं मोजलं,
ओठ हलवत, पेंडीपासून कांगल्यांपर्यंत.
एकशे बाराच होतात, मॅडम.
तुम्ही एक जास्त धरलाय.

हो, मी म्हटलं,
आणि बाहेर येऊन चपला शोधत
कायतानला विचारलं, आता पुढे कुठे?

त्यानं खिसा चाचपून पाहिला.