शंभर ओळींचा दर

शंभर ओळींना दोन द्राख्मा,
अक्षर ओबडधोबड असेल तर सव्वा.
माझं ओबडधोबड नव्हतं.
मी ग्लायकोन, रंगारी मानेसचा मुलगा.
नखांतली मंजिष्ठेची लाली
काजळीच्या शाईनं झाकून बसलेला.

बिशप मेनोगेनिसचं बोलावणं आलं तेव्हा
लायकसच्या खोऱ्यात भूकंप होऊन महिना झाला होता,
आणि लोकरबाजारात जो तो म्हणत होता,
ह्यांच्यामुळेच देव कोपले,
हे धूप जाळत नाहीत,
हे रात्री दार लावून लेकरं खातात.
मीही म्हणालो होतो. खोटं कशाला सांगू.

म्हातारा अंजिराखाली बसलेला,
दोन्ही डोळ्यांवर साय धरलेली.
म्हणाला, सम्राटाला लिहायचंय. आमचा बचाव.
विचारलं, तो वाचेल?
म्हणाला, तू तरी वाचशील,
ओळी मोजायच्या म्हणून.

आधी आरोप.
सात दिवस नुसते आरोप.
मी घाईनं लिहिलं की थांबवायचा:
हे लेचंपेचं झालं, ग्लायकोन,
देवळातला पुजारी ह्याहून नेटकं बोलतो.
खोड ते.
त्याला ऐकून वाटलं पाहिजे,
हेच तर मला म्हणायचं होतं.
जणू फिर्यादीला वकील मिळेना
म्हणून आरोपीनंच घेतलं होतं वकीलपत्र.

अंगणात एक नऊ वर्षांची पोर पाणी ओढायची.
नाव कोप्रिया, म्हणजे उकिरड्यावरची.
चुन्याच्या भट्टीमागे कुणी टाकलेली,
नाळही न कापलेली,
ह्यानंच उपरण्यात गुंडाळून आणलेली.
लेकरं खाण्याच्या आरोपापाशी आलो
तेव्हा मलाच राहवेना.
म्हटलं, हिला लिहा की! बिनतोड उत्तर आहे.
म्हातारा गप्प.
मग म्हणाला, तिला विचारलंस?
विचारलं.
ती घागर कमरेवर सावरत म्हणाली, नको.
मग नाहीच लिहिलं.
त्या जागी त्यानं भलतंच काही लांबलचक घातलं,
बीज, माती, पुन्हा उठणारी शरीरं,
मला अर्धं कळलं नाही,
पण ओळी भरपूर झाल्या.

शरदात त्याला नेलं.
कुठे, कसं, ते मी पाहायला गेलो नाही.
उरलेले पैसे कोप्रियानं आणून दिले,
मोजून, एका अंजिराच्या पानात.

तीस वर्षं गेली.
परवा मसाल्यांच्या दुकानात
जिरं बांधायला काढलेल्या पपायरसवर
माझंच अक्षर दिसलं.
शेवटच्या वाचकानं गुंडाळी परत फिरवलीच नव्हती.
आळशी असतात वाचणारे.
त्यामुळे शेवट बाहेर राहिला, सुरुवात पोटात.
उत्तरं ओलीनं, उंदरांनी नेली,
ती बीजं, ती माती, सगळं.
आत आरोप मात्र जसेच्या तसे,
रेखीव, काळेभोर,
एकही खाडाखोड दिसत नाही.

ते बगलेत मारून तिच्या भट्टीवर गेलो.
कोप्रिया आता पाव भाजते,
मनगटापर्यंत पीठ,
भोवती चार पोरं, चौघांच्या नाकांचा एकमेकांशी संबंध नाही.
म्हणाली, वाच.
वाचलं. हे देवद्रोही, हे लेकरं खातात,
ह्यांच्या पायाखालची जमीनसुद्धा ह्यांना विटली.
ती हसायला लागली,
डोळ्यांना पीठ लागलं तरी हसत राहिली.
म्हणाली, अगदी त्याचाच आवाज बघ.
पुजाऱ्याला कुठलं एवढं चांगलं जमायला!

मी म्हटलं, पण उत्तर गेलं.
उद्या हे कुणाच्या हाती पडलं
तर एवढंच खरं वाटेल.

तिनं फळीवरचे पाव उलटले,
एक करपलेला बाजूला काढला,
तो मला दिला.
पाण्यात हात बुडवले,
पदराला पुसले, बोटं एकेक करून.
मग समोर येऊन बसली.
म्हणाली,
आता विचार.